चारशे सेकंद

जैतराम कापगते चिंचेवर चढले तेव्हा
अर्धा तास लागला, असं त्यांचा नातू सांगतो.
उतरायला लागला नाही.
आता ते माझ्या टेबलावर, कुशीवर.
"श्वास रोखा जी" म्हटलं की डोळेही रोखून धरतात.

चार फोटो. मणका समोरून, बाजूने, तिरपा, परत तिरपा.
शंभर एमबी.
नागपूरचे डॉक्टर बघतील, मग सांगतील
हलवायचं की नाही,
आणि हलवायचं तर कसं.

दारावर पाटी आहे:
लाखांदूर डिजिटल एक्स-रे, रिपोर्ट तात्काळ.
'तात्काळ' पेंटरने स्वतःच्या मनाने घातलं.

लाईन घेतली तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात शंभर होतं.
मी सही केली.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन होतं,
ते मला दिसलं पहिल्या मोडक्या मनगटाच्या वेळी.

लोमेश, लाईन टाकणारा पोरगा, शिडीवरून बोलला,
"ताई, शंभर उतरतीचे, दोन चढतीचे.
घरच्या माणसाले चढवाचं काय असते जी?
सिनेमा येते, किरकेट येते, सारं येतेच."
"आणि माझं जातं," मी म्हणाले.
त्याने तारेचा तुकडा दातात धरला.
"मंग धंद्याची लाईन घ्या. तिच्यात
जेवढं येते तेवढंच जाते. भाडं मात्र…"
आणि शिडीवरूनच आभाळाकडे पाहिलं.

इटियाडोहचा कालवा येतो तसं ते शंभर येतं,
उताराने, न विचारता,
रात्री दोनलाही.
बांधीत उभं राहून कोणी
कालव्याला पाणी परत पाठवत नाही.
पाठवायचं झालं तर मोटर लागते, डिझेल लागतं,
आणि लोक विचारतात, काहून बाई?

खंडी सांगून कुडवाने मोजणारा व्यापारी मला माहीत होता.
हा नवा.
फाईल बाइटमध्ये, वेग बिटमध्ये,
एका बाइटात आठ बिट, आणि हे सांगायला कोणी शिडीवर चढत नाही.
शंभर गुणिले आठ. भागिले दोन.
चारशे सेकंद,
तेही माझ्याच फोनने मधे
पुतणीच्या लग्नाचे फोटो आपोआप चढवायला घेतले नाहीत तर.

पट्टी हिरवी होत सरकते.
अठरा टक्के: जैतरामजी वैनगंगेच्या पुलावर.
चाळीस: पवनी मागे पडली.
भिवापूरला मिरचीचा ठसका, उमरेडला कोळसा.
मणका मणका करत एक माणूस नागपूरला निघालाय
आणि उरलेला माझ्या टेबलावर पाणी मागतोय.

बाकावर बसलेला नातू
याच लाईनवर
कसलासा नाच बघतोय, एकदाही न अडकता.
बंद कर, असं मी म्हणत नाही.
त्याचं उतरतंय, आमचं चढतंय.
तो थांबल्याने इकडे काही पुढे सरकणार नाही.
हे मला कळतं. तरी राग येतो.

"पोचलो का जी मी?" जैतरामजी भिंतीला विचारतात.
"एकसष्ट," मी म्हणते.
"वय तं अडुसष्ट आहे माहं."
नातू हसतो. तेही हसायला जातात, आणि दुखतं.

लोमेशचा दुसरा कागद ड्रॉवरमध्ये आहे.
शंभर, शंभर. दोन्ही आकडे एकाच मापाच्या अक्षरात.
भाडं तिपटीहून थोडं जास्त.
म्हणजे महिन्याला आणखी किती मोडकी मनगटं,
हा हिशेब मला करवत नाही.
करते, पण करताना दार लोटून घेते.

ब्याण्णव.
नातवाच्या खिशातून दोन चिंचा फरशीवर पडतात,
तो मान वर न करता पायाने जवळ ओढतो.
ब्याण्णव.
ब्याण्णव.